भाकर आणि क्षमा यांच्यामध्ये

मास्तरांनी पांढऱ्या कापडावर ओढलेली खडूची रेघ बाहीच्या वळणापर्यंत आली होती, आणि तिथेच त्यांचा हात थांबला; कारण कापण्याच्या मेजाच्या टोकावर पाय सोडून बसलेली त्यांची नात बोलता बोलता थांबली होती.

"पुढे?" ते म्हणाले.

"म्हणतेय ना."

"मग म्हण की."

"इथे थांबायचं असतं, आजोबा. थांबून मग म्हणायचं."

असे म्हणून तिने मांडीवरचा उजवा हात किंचित वर उचलला, काहीतरी धरल्यासारखी बोटे मिटली, क्षणभर तो तसाच अधांतरी ठेवला, मग बाजूला नेऊन हलकेच खाली टेकवला. त्यानंतर, एखादे काम उरकून परत यावे तशी, ती पुढच्या शब्दांवर आली आणि अखेरच्या 'आमेन'पर्यंत कुठेही न अडखळता पोचली.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. प्रभूने आपल्या शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना त्यांच्या जिभेवर दूध प्यायच्या वयापासून होती. तीत कोठे स्वल्पविराम आहे, कोठे श्वास घ्यावा, कोठे आवाज उतरावा, हे त्यांना आपल्या तळहातावरच्या रेषांइतके ठाऊक होते. भाकरीची मागणी संपते आणि लगेच क्षमेची मागणी सुरू होते. त्या दोहोंच्या सांध्यावर थांबण्याचे काहीही कारण नव्हते. आणि हात उचलण्याचे तर मुळीच नव्हते.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "आणि हात मांडीवर."

नातीने पुन्हा म्हटली, आणि पुन्हा तिथेच थांबली. हात मात्र तिने दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता, आणि तो सुटायला धडपडत असल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

तिला घरात गुंडी म्हणत. जन्मली तेव्हा ती अगदी वाटोळी होती. मास्तरांनी तिला प्रथम हातात घेतले आणि बटणाला जुन्या लोकांचा जो शब्द तोच तिला देऊन टाकला. आता ती उंच होत चालली होती, पुढचे दोन दात पडले होते, तरी नाव टिकले होते. येत्या रविवारी उपासनेत मुलांचा दिवस होता. प्रत्येक मुलाला काहीतरी म्हणायचे होते, आणि प्रभूची प्रार्थना, एकटीने, सगळ्यांसमोर, हा भाग गुंडीच्या वाट्याला आला होता. पाळकसाहेबांनी तिला तो का दिला, हे मास्तरांना कळत होते. त्यांच्या वडिलांनी, आणि त्यांच्याही वडिलांनी, त्याच चर्चच्या पहिल्या बाकावर आयुष्य काढले होते. मास्तरांनंतर त्या बाकावर कोण, हा प्रश्न कोणी विचारत नसे. पण रविवारी बाक पुसताना तो सगळ्यांना दिसत असे.

बायबलच्या दृष्टांतातल्या बापासारखी मास्तरांना दोन मुले नव्हती, एकच मुलगा होता, आणि तो चर्चमध्ये येत नसे.

ह्यावरून घरात कधी भांडण झाले नव्हते. त्याची आई दीर्घ दुखण्यानंतर गेली, त्याच्या पुढच्याच रविवारी मुलगा चर्चच्या पायरीपर्यंत आला, तिथे थोडा वेळ उभा राहिला, आणि खिशात हात घालून परत फिरला. पुढे तो दुसऱ्या गावी कामाला गेला, तिथे संसार मांडला. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि सुईचे नाक सापडेनासे झाले, तेव्हा यंदाच्या वसंतात बायको-मुलीला घेऊन तो परत आला, दुकान हाती घेतले, आणि वरच्या मजल्यावर राहू लागला. गिऱ्हाइके त्याला 'छोटे मास्तर' म्हणत. ते त्याला आवडत नसे, पण तो कोणाला सुधारतही नसे. दर रविवारी सकाळी तो वडिलांना आणि मुलीला गाडीतून चर्चच्या फाटकापर्यंत सोडी. ती दोघे उतरत, तेव्हा इंजिन चालूच असे. मास्तरांनी त्याला 'आत येतोस का' असे कधी विचारले नाही. चालू इंजिन हेच त्याचे उत्तर होते, आणि एकदा मिळालेले उत्तर पुन्हा पुन्हा मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

म्हणून त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला होता. कापड मधेच विरले तर जाणता कारागीर तेवढा भाग सोडून देतो आणि पलीकडच्या धडक्या भागाला टाका घालतो. मुलाचे राहू द्यावे. आपल्या हयातीत, आपल्या हाताने, नातीला घडवावे. तेवढे झाले की आपण सुखाने डोळे मिटू.

आणि पहिल्याच टाक्याला ही गाठ आली होती.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी पद्धत बदलली. रविवारसाठी तिला शिवत असलेल्या झग्याच्या कमरेच्या चुण्या घालत असताना त्यांनी गुंडीला समोर बसवले आणि समजावून सांगितले, की शब्दांना एक प्रवाह असतो. तो मधे तुटला तर ऐकणाऱ्यांना वाटते, मुलगी विसरली. गुंडीने समजूतदारपणे मान हलवली. मग डोळे घट्ट मिटून, श्वास कोंडून, ती प्रार्थना अशी दामटत निघाली की भाकरीपाशी येताच एखाद्या उतारावरच्या चाकाप्रमाणे थेट क्षमेवर जाऊन आदळावी. पण ती क्षमेवर आदळली नाही. ती कोठेच पोचली नाही. तिने डोळे उघडले, आजोबांकडे पाहिले आणि कुजबुजली,

"गेलं."

"काय गेलं?"

"पुढचं सगळं. थांबलं नाही तर येतच नाही ते."

"मन लावलंस की येईल."

"मन लावलंय हो. ते तिथे थांबल्यावरच येतं. आपण थांबतो, मग ते येतं."

मास्तरांना हसू आले, पण त्यांनी ते मिशीत दडवले. "कोणी सांगितलं तुला थांबायला?"

"कोणी नाही. असतंच ते तसं." गुंडीने त्यांच्याकडे जरा दयेने पाहिले. "तुम्हांला माहीत नव्हतं का?"

एवढ्यात जिन्यावरून सूनबाई उतरली. ती रुग्णालयात परिचारिका होती, आणि त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती; गणवेशाची बाही गुंडाळीत ती आरशासमोर उभी राहिली.

"काय चाललंय? आजोबा रागावले का?"

"रागवायला झालंय काय," मास्तर म्हणाले. "तुझी लेक प्रभूच्या प्रार्थनेत मधेच विश्रांती घेते. तुझ्याकडून तर नाही ना शिकली?"

"माझ्याकडून?" सूनबाईने केसांत चिमटा खोचला. "बाबा, आमच्या माहेरच्या चर्चमध्ये ही प्रार्थना गातात. मला चालीशिवाय त्यातला एक शब्द आठवत नाही. वॉर्डात एखाद्या म्हाताऱ्या पेशंटने म्हणायला लावली, की आधी मनात गुणगुणावं लागतं. गेल्या आठवड्यात चुकून मोठ्याने गुणगुणले. पेशंट म्हणतो, सिस्टर, मी अजून मेलो नाही."

गुंडी खिदळली. मास्तरांनीही दाद दिली.

"रविवारच्या शाळेत असं शिकवतात की काय?"

"शाळेत बाई हिला काय शिकवणार? आम्ही इथे आलो तेव्हा बाईच म्हणाल्या, हिला आधीच येतं." तिने वाकून झग्याचा घेर चाचपला. "शिवणात माया भरपूर ठेवा हं बाबा. ही कणसासारखी वाढतेय. पुढच्या वर्षी उसवून मोठा करता आला पाहिजे."

"ठेवली आहे."

"आणि विश्रांतीचं म्हणाल तर घेऊ दे की. नवरा-बायको दोघं कमावतो आम्ही, निदान पोरीने तरी विश्रांती घ्यावी." पिशवी खांद्याला लावून ती निघून गेली, आणि दुकानात तिच्या साबणाचा वास मागे राहिला.

मास्तर चुण्यांकडे परतले. तिला आधीच येत होते, हे वाक्य त्यांच्या कानात एखाद्या सैल धाग्यासारखे लोंबत राहिले. पण त्यांचे लक्ष रविवारकडे होते. त्यांनी तो धागा ओढून पाहिला नाही.

*

काजे करायला आक्का आली. मास्तरांची ही थोरली बहीण मागच्या गल्लीत राही. तिचे कान मंद झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण बोटे अद्याप कुणाला हार जात नव्हती; चांगल्या कपड्याची काजे यंत्रावर घालणे हा तिच्या मते आळशीपणाचा कळस होता. खिडकीशी खुर्ची ओढून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती झग्याच्या पाठीवर बसली, म्हणजे पाठीच्या पट्टीवर कामाला बसली. पुढच्या खोलीत मुलगा एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरून मापे घेत होता. त्याचा शांत, मोजका आवाज मधूनमधून येत होता.

"आजीला म्हणून दाखव," मास्तर म्हणाले. "मोठ्याने. तिला ऐकू जायला पाहिजे."

गुंडी खिडकीपाशी उभी राहिली. आक्काने सुई न थांबवता मान तिच्याकडे कलती केली. नामाची, राज्याची, इच्छेची, सगळ्या विनवण्या रांगेने गेल्या. भाकर आली. मग शांतता पडली. गुंडीचा हात वर उचलला गेला, क्षणभर राहिला, बाजूला जाऊन टेकला.

आक्काच्या हातातून सुई गळाली. तिचे खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आले. ती हसत होती.

"काय झालं हसायला?" मास्तर म्हणाले. "तुला तरी हे शोभत नाही, आक्का."

"अरे धाकट्या," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "हिची इस्त्री कुठे आहे?"

"कसली इस्त्री?"

"कसली म्हणजे? बाबांची." तिने गुंडीला जवळ ओढले. "ऐक गं. माझे बाबा, म्हणजे तुझ्या आजोबांचे बाबा, ह्याच मेजाशी सकाळची प्रार्थना म्हणायचे. आम्ही सगळी भोवती उभी. पण गिऱ्हाईक दारात असायचं, म्हणून पहिल्या कपड्यावर इस्त्री ठेवूनच सुरुवात व्हायची. कोळशाची इस्त्री, ही एवढी जड. भाकरीपर्यंत यायचे आणि थांबायचे. इस्त्री उचलायची, बाजूच्या तिवईवर ठेवायची, मग पुढे. मी एकदा विचारलं, बाबा, तिथेच का? म्हणाले, देवाकडे भाकर मागून झाली, आता गिऱ्हाइकाचं कापड जळू नये."

गुंडीला हे फार पटले. मास्तर मात्र अस्वस्थ झाले.

"बाबांचं ठीक आहे," ते म्हणाले. "ते मलाही अंधूक आठवतं. पण त्याला किती काळ लोटला."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

आक्काने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "तुझ्या वेळी विजेची इस्त्री आली होती. सकाळी तिची वायरसुद्धा जोडलेली नसायची. तरी तू थांबायचास. हात उचलायचास, असा बाजूला ठेवायचास, मग पुढे जायचास. जन्मभर."

"मी?"

"मग काय मी?"

"मला कोणी कधी बोललं नाही."

"कोण बोलणार? मी तुझ्या बायकोला म्हटलं होतं, सांग त्याला. तर ती म्हणाली, राहू द्या वन्सं, मास्तरांचं देवाशी काहीतरी खाजगी चालतं तिथे, आपण मधे पडू नये."

मास्तर मेजाला टेकून उभे राहिले. गेलेल्या पत्नीचे वाक्य इतक्या वर्षांनी, तिच्याच सुरात, आक्काच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचले होते. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. हा हात त्यांच्या परवानगीवाचून रोज सकाळी काहीतरी करीत आला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिले होते, त्यांच्याखेरीज.

"म्हणजे माझं बरोबर होतं," गुंडी म्हणाली.

"तुझं अगदी बरोबर आहे," आक्का म्हणाली, "आजोबांचंच चुकत होतं," आणि खाली वाकून सुई शोधू लागली. ती सापडल्यावर दोरा ओवता ओवता तिने सहज विचारले, "पण हिने तुला म्हणताना ऐकलं कधी?"

पत्नी गेल्यापासून मास्तर मोठ्याने प्रार्थना म्हणत नव्हते. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज त्यांना परका वाटू लागला होता. म्हणून ओठही न हलवता, मनातल्या मनात ते सगळे म्हणून घेत. चर्चमध्ये ती प्रार्थना मंडळी एकदम म्हणे, आणि त्या कल्लोळात एकट्याला थांबायला जागा नसे. गुंडीने त्यांना ऐकणे शक्यच नव्हते. तिला हे शिकवले होते ते आक्काने नव्हे, सूनबाईने नव्हे, शाळेतल्या बाईंनी नव्हे. लहानपणी रोज सकाळी ह्या मेजाला हनुवटी टेकवून, वडिलांच्या हाताकडे टक लावून उभे राहिलेले माणूस एकच होते.

पुढच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "खांदे सैल सोडा, साहेब. श्वास घ्या. हां."

आक्काने दोरा दाताने तोडला आणि पुढच्या काजाला हात घातला. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही.

*

त्या संध्याकाळी झगा जवळजवळ तयार झाला. खालची किनार दुमडून कच्चा धावदोरा घातला होता. तुरपाई करण्यापूर्वी लांबी एकदा अंगावर पाहायला हवी होती. सूनबाई कामावर गेली होती. गुंडीची निजायची वेळ झाली असली तरी खिडकीबाहेर उजेड रेंगाळत होता. मास्तर झगा दोन्ही हातांवर आडवा घेऊन जिना चढले. वरच्या खोलीचे दार पुरते लागलेले नव्हते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले.

आत त्यांचा मुलगा बोलत होता. गिऱ्हाइकांशी बोलताना असे त्याहूनही त्याचा आवाज खाली होता, आणि त्याच्याबरोबर, अर्धा शब्द मागे, गुंडीचा. स्वर्गातल्या पित्याला घातलेली साद मास्तरांनी ओळखली. मग नामाचे शब्द, राज्याचे, इच्छेचे. मुलगा घाई करीत नव्हता, आणि रेंगाळतही नव्हता. एखादी वाट रोज पायाखालची असली म्हणजे माणूस जसा चालतो, तसा तो चालला होता.

भाकर आली.

दाराच्या फटीतून मास्तरांना बिछान्याची कड, तिच्यावरचे पांघरूण, आणि पांघरुणावर ठेवलेला मुलाचा हात एवढेच दिसत होते. अंगठ्याला कातरीचा घट्टा पडलेला तो हात वर उचलला गेला. बोटे एका मुठीभोवती मिटावीत तशी मिटली. हात क्षणभर हवेत राहिला, बाजूला गेला, आणि पांघरुणाच्या कडेवर, काही उभे करून ठेवावे अशा बेताने, टेकला.

खोलीत निःशब्दता होती. ती काही फार मोठी नव्हती. पण बाहेर उभ्या असलेल्या वृद्धाला तीत शिरून चहूकडे पाहून येण्याइतकी ती पुरेशी होती.

मग दोन्ही आवाज एकदम क्षमेवर आले.

मास्तर मागे वळले. जिन्याची मधली पायरी वाजते हे त्यांना ठाऊक होते. भिंतीचा आधार घेऊन त्यांनी ती टाळली. आपल्याच घरात चोरपावलांनी उतरताना त्यांना स्वतःची मौज वाटली. खाली आल्यावर त्यांनी दिवा लावला, झगा मेजावर पसरला, आणि लांबी न पाहताच, अंदाजाने, तुरपाईला बसले. सुईत दोरा ओवायला त्या दिवशी फार वेळ लागला. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, आणि शिवाय पाणीही आले होते.

*

शनिवारी बाप-लेक दोघेच दुकानात होते. मुलगा एका कोटाच्या गळपट्टीला इस्त्री करीत होता. ओल्या फडक्याखालून वाफ उठत होती, आणि गरम लोकरीचा तो वास, जो त्याच्या कपड्यांना सदैव चिकटलेला असे, खोलीभर पसरला होता.

"गुंडीची तयारी झाली?" त्याने विचारले.

"झाली."

"आक्का म्हणत होती, तुम्ही तिला कुठेतरी दुरुस्त करत होता."

"करत होतो. आता सोडून दिलं."

मुलाने इस्त्री पुढे नेली. "का?"

मास्तरांनी झग्याची बाही झटकली, प्रकाशाकडे धरली, कोठे दोरा राहिला आहे का ते पाहिले.

"बरं बसलंय ते तिथे," ते म्हणाले. "उसवलं तर सगळंच सुटेल."

मुलाने मान वर केली नाही. पण इस्त्री होती तिथेच राहिली, जरा जास्तच राहिली, आणि मास्तरांना म्हणावे लागले,

"कापड जळेल हं."

त्याने ती उचलली आणि बाजूला उभी केली. ह्या हालचालीकडे दोघांनीही पाहिले, आणि दोघेही ताबडतोब दुसरीकडे पाहू लागले.

"उद्या तुम्हांला सोडून येतो," कोटाची बाही पुढे ओढत मुलगा म्हणाला. "हा कोट दुपारी द्यायचा आहे. अजून बाहीला अस्तर लागायचंय."

"बरं."

"नाही तर आलो असतो," असे तो म्हणाला नाही. मास्तरांनीही तसे ऐकण्याची अपेक्षा केली नव्हती. तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागले, आणि संध्याकाळी गुंडीने "आजोबा, उद्या थांबू की नको?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले,

"थांब. चांगलं पोटभर थांब. घाई कुणाला आहे?"

*

रविवारी फाटकाशी गाडी उभी राहिली. गुंडी नव्या झग्याचा घेर सावरीत उतरली. सूनबाई पाळीवरून थेट चर्चमध्ये आली होती आणि जांभई दाबीत दारात उभी होती. मास्तर उतरले, काठी घेतली. इंजिन चालूच होते. मुलाने काचेतून मुलीला हात केला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत गाडी हलली नाही.

पहिल्या बाकावर मास्तरांची जागा ठरलेली होती. त्यांच्या शेजारची जागा पत्नीची. ती गेल्यापासून मास्तर तिथे आपली काठी आडवी ठेवीत आणि वर टोपी, म्हणजे कोणी अनवधानाने बसू नये. सूनबाई मुलांच्या मागे, बाजूच्या बाकावर जाऊन बसली. गुंडी घाबरली तर तिला आपला चेहरा दिसावा म्हणून.

मुलांनी गीत म्हटले. एकाने वचन म्हटले, एकजण म्हणायचे विसरून नुसताच वाकून नमस्कार करून गेला, आणि मंडळी मनापासून हसली. मग पाळकसाहेबांनी गुंडीला पुढे बोलावले. पांढऱ्या झग्यात ती खरोखरच एखाद्या नव्या बटणासारखी दिसत होती. तिने हात जोडले नाहीत. ते अंगालगत सोडले, मास्तरांकडे एकदा पाहिले, आणि आरंभ केला.

तिचा आवाज छतापर्यंत गेला. पडलेल्या दातांच्या फटीतून काही अक्षरे निसटत होती, तरी प्रत्येक शब्द आपल्या जागी बसत होता. मास्तर ओठ न हलवता तिच्याबरोबर चालले. राज्य आले. इच्छा आली. भाकर आली.

गुंडी थांबली.

तिचा उजवा हात झग्याच्या घेराजवळून वर आला. चर्चमध्ये एक अवघडलेली हालचाल झाली. कोणीतरी खोकले, कोणी सहानुभूतीने च्च केले. पाळकसाहेब दयाळू गृहस्थ होते. पोर विसरली असे वाटून ते पुढे झुकले आणि तिला पुढचा शब्द पुरवण्यासाठी त्यांनी ओठ उघडले.

मास्तरांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. तो फार वर गेला नाही, मनगटाएवढाच. बोटे काहीतरी धरल्यासारखी मिटली होती. पाळकसाहेबांची दृष्टी त्या हातावर गेली, आणि एवढ्या ज्येष्ठ माणसाने केलेली खूण समजून ते होते तिथे थांबले. सारी मंडळी थांबली. असे त्या चर्चमध्ये पूर्वी कधी झाले नव्हते, की भाकर मागून झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक श्वासभर गप्प राहावे.

त्या शांततेत मागचे दार किंचित उघडल्याची कुरकुर झाली. बाहेर कोठेही इंजिनाचा आवाज नव्हता. वाऱ्याची एक झुळूक मधल्या वाटेने पुढे आली, आणि तिच्यात ओल्या फडक्याखाली तापलेल्या लोकरीचा वास होता.

मास्तरांनी मागे वळून पाहिले नाही. समोर गुंडीचा चेहरा मात्र दाराकडे होता, आणि तो उजळत चालला होता. तिने हात बाजूला नेऊन हलकेच खाली सोडला, आणि क्षमेच्या शब्दांना सुरुवात केली.

मास्तरांनी शेजारची टोपी उचलून मांडीवर घेतली. मग काठी उचलली, आणि ती आपल्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकवून उभी केली.